खूण न केलेली चौकट

लोगो येतो, थरथरतो, विझतो.
पुन्हा येतो.
तबारा म्हणते, तीन आठवडे हा असाच
उंबऱ्यावर अडखळतोय,
ना आत येत, ना बाहेर जात.

नुआकशोतच्या या बाजारात
माझं दुकान म्हणजे दीड हात लाकूड,
वर पत्रा, पत्र्यावर वाळू.
वाळू इथे गिऱ्हाइकासारखी येते,
न विचारता, आणि प्रत्येक फटीत बोट घालून पाहते.
लॅपटॉपचं एंटरचं बटण केव्हाच गेलं,
खालच्या रबरी बोंडावर नख दाबलं की चालतं.

बॅटरी काढली. खालच्या कागदावर मॉडेलचा आकडा,
शेवटचं अक्षर खाऱ्या पाण्याने खाल्लेलं.
बी असेल, किंवा आठ.
चुकीची फाइल चढवली तर फोन उरत नाही,
काच लावलेली वीट उरते.
सिदाती, ज्याच्या हाताखाली मी शिकलो,
त्याने एका कर्नलच्या बायकोच्या फोनची अशी वीट केली
आणि रमजानभर दुकान उघडलं नाही.

भिंग लावलं. बी.
फाइल काल रात्रीच उतरवलेली,
अडीच जीबी, शेजारच्या औषधवाल्याच्या वायफायवर,
पहाटेपर्यंत टक्के मोजत.

मग विचारावंच लागतं ते विचारलं:
आत काही ठेवण्यासारखं आहे का?
ती म्हणाली, फोन यरोचा आहे.
एवढंच.
जणू प्रश्नच मी चुकीचा विचारला होता.

पडद्यावर यादी. बूट, रिकव्हरी, सिस्टम,
प्रत्येकापुढे चौकट, चौकटीत खूण.
सगळ्यात खाली यूजरडेटा.
सिदाती सांगायचा, सगळं पुसून टाक,
अर्धवट धुतलेल्या भांड्यात दूध नासतं.
मी शेवटची खूण काढली.
तिला बोललो नाही.
आशेचे पैसे किती लावायचे, ते मला अजून येत नाही.

आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, केबल लावायची.
कॉम्प्युटर टुंग म्हणून ओळख देतो,
टुंग म्हणून विसरतो.
दोन सेकंदांचं दार.
चार वेळा हुकलं. पाचव्यांदा लाल पट्टी धावली,
मग जांभळी, मग पिवळी,
आणि पिवळी निघाली मुंगीच्या पावलांनी.
आता केबलला कुणी शिवायचं नाही.
आता जनरेटरने खोकायचं नाही.

चहाचा पहिला पेला, कडू: एकवीस टक्के.
दुसरा: त्रेपन्न.
तबाराने दोन्ही परत पाठवले.
तिच्या बोटांवर मासळीचे खवले,
वाळलेले, पट्टीच्या उजेडात पिवळे.
सत्त्याऐंशीला पट्टी थांबली.
मी श्वास धरला होता, हे नंतर कळलं.
अठ्ठ्याऐंशी.

हिरवं वर्तुळ.

लोगो आला, थरथरला,
आणि या खेपेला पुढे सरकला.
मागे चित्र, निळी होडी,
अर्धं आकाश कुणाच्या तरी अंगठ्याने झाकलेलं.
घड्याळ मात्र हरवलेलं:
कुठल्याशा जुन्या वर्षाचा एक जानेवारी,
पहाटेचे चार चव्वेचाळीस.
बाहेर दुपारचे दोन, ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

पंचेचाळीस झाले आणि गजर वाजला.
कोंबडा.
नाही, कोंबडा नाही, माणूस,
कोंबड्यासारखा आरवणारा, मध्येच हसू फुटलेला,
मग खाकरून पुन्हा आरवणारा.
आजूबाजूची दुकानं हसली.
मी बंद करायला बोट पुढे केलं,
तिने माझं मनगट धरलं.
"ओरडू दे. रोज मीच बंद करायचे."

तो चार वेळा आरवला.
मग रेंजची पहिली काडी उगवली
आणि फोनला आजची तारीख कळली.

चारशे उगिया. तिने नोटा दोनदा मोजल्या,
तिसरा पेला, निवलेला, उभ्यानेच प्यायली.
जाताना वळली.
"उद्या वाजेल?"
"चार्जिंग ठेवलंत तर,"
मी म्हटलं,
आणि केबल गुंडाळत राहिलो,
गरजेपेक्षा जास्त वेळ.