अर्धी मात्रा

टेप आधी भाजतात, हे मला माहीत नव्हतं.
चोपन्न अंशांवर, आठ तास,
फळं सुकवायच्या यंत्रात.
जुन्या टेपचा गोंद सुटतो, मेरेरिद म्हणाली,
तशीच चालवली तर गाणं खरवडून निघतं.
मी म्हटलं, पोरी, या गावात
तू भट्टीबद्दल कुणाला शिकवतेस?
मग आठवलं, शेवटची भट्टी गेल्या साली विझली.
आता पोर्ट टॅलबटमध्ये तापतंय ते एवढंच,
शहात्तर सालचे चार डबे,
सफरचंदाच्या चकत्यांच्या जागी.

कंपनीचं पत्र आलं होतं. नव्याने घासूनपुसून,
दोन तबकड्या, एकशे ऐंशी ग्रॅमच्या,
न छापलेले फोटो, पुस्तिका.
एकशे ऐंशी ग्रॅम!
तेवढं लोणी तर एमलिन एका पावाला लावायचा.

माझ्या डाव्या कानात मशीन, उजव्यात घंटी.
घंटी आमच्याच अँपची,
तेव्हापासून कुणी बंद केलेली नाही.
झांजा कशा मोकळ्या झाल्यात ना, मेरेरिद विचारते.
मी मान डोलावतो.
झांज ऐकून मला अकरा वर्षं झाली.

मग चौथं गाणं.
दुसऱ्या कडव्याआधी सगळं थांबतं
आणि परत पडायचं ते चौघांनी एकदम,
क्रेनमधून पोलादाची लादी सुटावी तसं.
रेकॉर्डवर ते अडखळतं.
अंधारात जिना उतरताना
एक पायरी जास्तीची निघावी, तसं.
एकोणपन्नास वर्षं ती पायरी एमलिनच्या नावावर.
मीच लावली.
मुलाखतींत, पबात, टूरच्या व्हॅनमध्ये.
त्याच्या पन्नाशीला केकवर लिहून आणलं,
उशिरा का होईना.
त्याची शवपेटी चॅपेलला वीस मिनिटं उशिरा पोचली
तेव्हाही मी बोललोच,
आणि सगळे हसले, ओल्वेनसुद्धा.

मेरेरिदने सोळा पट्ट्या सुट्या केल्या.
पडद्यावर ड्रमचा उभा दांडा,
त्याच्या बरोब्बर खाली एमलिनचा बास,
शिवणीवर शिवण.
आणि दोघांच्या आधी, बोटभर अंतरावर,
एकटीच उठलेली एक रेघ.
पट्टीवर माझं नाव, माझ्याच अक्षरात.

सरकवू? तिने विचारलं.
एका टिचकीचं काम. कुणाला कळणार नाही.
तिचं बोट माउसवर थांबलं होतं.
मी विचारलं, चहा मिळेल का?
चहा आला, निवला.
परत एकदा ऐकव, म्हटलं.
पुन्हा एकदा.
बास असा येतो की त्याला घड्याळ लागत नाही.
खाली सापडलेलं एवढं नीट मी कधी ऐकलंच नव्हतं,
वर मी होतो ना, वाजवत.

राहू दे, म्हणालो शेवटी.
झांजा मोकळ्या कर. हे राहू दे.

पहिली प्रत घेऊन ओल्वेनकडे गेलो, बसने.
तिच्याकडे प्लेअर नाही. होता तो नातवाने नेला.
मग नुसतंच सांगितलं,
कोट न काढता, दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून,
की चूक माझी होती.

त्याला माहीत होतं रे, ती म्हणाली.
त्याच रात्री बोलला होता मला.
हॉवेलला दहाची पाळी गाठायची होती,
पुढे पळत होता बिचारा,
पळू दे म्हटलं.
आणि केक?
केक छान होता. दोन तुकडे खाल्ले त्याने.

तिने चष्मा लावला, पुस्तिका उघडली.
मधल्या पानावर स्टुडिओ, आम्ही चौघे,
केसच केस, सिगारेटचा धूर.
एमलिन तारांकडे बघतोय.
मी मनगटाकडे.

ओल्वेन काही बोलली नाही.
तबकडी दोन्ही हातांत तोलून बघितली.
जड आहे गं बाई, म्हणाली,
आणि मला आत बोलावलं.