तिसऱ्या मजल्यावरचा भोपळा

तार्तूतल्या आमच्या वसतिगृहात
भांडणं तोंडाने करायची पद्धत नाही.
फ्रिजवर चिठ्ठी लागते.

त्या सोमवारी लागली ती रीनूची:
"माझी बरणी. भोपळ्याचं लोणचं. लवंग, दालचिनी.
मावशीने व्होरूहून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली.
ज्याने खाल्लं त्याने निदान बरणी धुवावी."
खाली रिकाम्या बरणीची आकृती,
जीवशास्त्रवाली ती, बाण काढून नावंही दिलेली:
झाकण, तळ, दुःख.

पहिला संशय तानेलवर.
का, तर तो संगणकवाला.
संगणकवाले रात्रभर जागतात, आंघोळ करत नाहीत,
समोर येईल ते खातात, हे जगाला ठाऊक.
तानेल दहाला झोपतो, सॉना चुकवत नाही,
आणि प्रिंटर दिसला की त्याला रडू येतं.
तरी पाच खोल्यांचे प्रिंटर
त्याच्याच दारात येऊन मरतात.

आर्गो चिन्हमीमांसा शिकतो.
म्हणजे काय, ते त्याच्या आईला अजून कळलेलं नाही.
शेजाऱ्यांना ती सांगते, रस्त्यावरच्या पाट्यांचं काहीतरी आहे.
चिठ्ठीसमोर तो वीस मिनिटं उभा राहिला.
म्हणाला, "इथे 'माझी' हा शब्द कळीचा. भोपळा नुसतं निमित्त."
रीनू म्हणाली, "निमित्त साडेसातशे ग्रॅम होतं."

केर्तू कायद्याची. तिला कुणी विचारलंच नाही,
उत्तर ऐकायला तासभर कोण बसणार?

लीसबेत डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला.
गावी गेली की अख्खी आळी तिला गुडघे दाखवते,
आम्ही जिभा दाखवल्या.
पिवळी निघेल तो चोर.
तिने दोघांना टॉन्सिल्स सांगितल्या, एकाला प्रेमभंग.
चोर काही निघाला नाही.

माझी जीभ कुणी मागितली नाही.
मी धर्मशास्त्राचा ना.
माझ्यापुढे लोक शिव्या अर्ध्यात गिळतात,
पार्टीत न विचारता सफरचंदाचा रस ओततात,
आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दारावर टकटक:
"योसेप, जरा वर आमच्यासाठी शब्द टाक की."
आमचा मजला शेवटचा आहे.
वर फक्त पाण्याची टाकी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
जानेवारीत इथे चारलाच काळोख पडतो,
तेवढं चांदणं त्या आठवड्यात
माझ्या एकट्याकडेच होतं.

झालं असं, की हिब्रूत मला भोपळा मिळाला.
अख्खा, गोल, पोकळ.
रात्री दोनला फ्रिज उघडला
तर समोर दुसरा,
कापलेला, आंबटगोड, दिव्यासारखा पिवळा.
एकच फोड, म्हटलं.
भानावर आलो तेव्हा तळाच्या लवंगा मोजत होतो.
सतरा.

हेलवेबाई, आमच्या वॉर्डन, चिठ्ठी वाचून गेल्या.
"विद्यार्थी!" एवढंच म्हणाल्या,
एका शब्दात सहा जणांचा निकाल.

शुक्रवारी बरणी घासली, पुसली, परत ठेवली,
आणि चिठ्ठी लावली: "मीच. योसेप."

मजला हळहळला.
आर्गो म्हणाला, "दुसऱ्याचं पाप अंगावर घेणं.
चिन्ह म्हणून फारच सुंदर."
केर्तू म्हणाली, असा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही.
रीनूने मला मिठी मारली, डोळे पुसले,
आणि तानेलकडे असं बघितलं
की तो बिचारा स्वतःहून बिस्किटं आणायला गेला.
"अगं मीच खाल्लं, चमच्याने खाल्लं,
शेवटी तर बरणी तोंडाला लावली!"
"पुरे रे," ती म्हणाली, "किती सहन करशील?"

भ्रमाचा भोपळा फुटतो, असं ऐकून होतो.
हा फुटेना.

काल व्होरूच्या बसने नवी बरणी आली.
लेबलवर मावशीचं तिरकं अक्षर:
"त्या देवमाणसाला."
टेबलावर आहे. उघडलेली नाही
अजून.
हिब्रूची फेरपरीक्षा गुरुवारी आहे.