बेबाकी

एकोणीस एप्रिल, आणि हॅनकॉकमध्ये अजून बर्फ.
शाळेची बस धुऊन, किल्ली खिळ्याला अडकवून
आयरी कांगास स्वयंपाकघरात बसलीय,
फोन स्पीकरवर, पुढ्यात पिवळी वही.
डाव्या पानावर: अकरा हजार सहाशे चाळीस.
उजव्या पानावर: चार हजार पाचशे.
मधे वहीची शिवण.

डाव्या पानात काय काय आहे ते तिला पाठ आहे.
जानेवारीत, उणे बाविसात बंद पडलेली घराची भट्टी.
दोन दाढा.
सेन्याच्या कॉलेजचं एक सत्र,
जे सेन्यानं अर्ध्यात सोडलं.
बाकी सगळं व्याज.
व्याजानं ना घर तापतं, ना घास चावला जातो.

उजव्या पानात एकच वस्तू:
बापाची ॲल्युमिनियमची बोट, मोटरीसकट.
वेकफील्डचा एक माणूस ट्रेलरला बांधून घेऊन गेला.
नोटा दोनदा मोजल्या,
एकदा त्यानं, एकदा तिनं.

डेपोतली मर्ना या सगळ्यातून गेलेली.
ती म्हणाली होती, आकडा सांग आणि गप्प राहा.
जो आधी बोलेल तो हरला.

"मी डेस्मंड. हा कॉल रेकॉर्ड होतोय.
कशी आहेस, आयरी?"
जसा काही शेजारचा.
"एकरकमी देते. दोन हजार आठशे."
"पासष्ट टक्क्यांच्या खाली माझ्या हातात काही नाही."

आयरी गप्प.

गप्प राहायला कांगासांच्या घरात
कुणाला शिकवावं लागलं नाही.
आई गेली त्या रात्री बाप आणि ती सौनात बसले,
बापानं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं,
वाफ उठली.
तेवढंच बोलणं.
हेच मौन नवऱ्याला आठ वर्षं पुरलं,
नवव्या वर्षी तो निघून गेला, दार न आपटता.

फ्रिज गुरगुरतो. वळचणीचा बर्फ ठिबकतो.
फोनमधून, डेस्मंडच्या पाठीमागून
पन्नास जणांचं एकाच वेळी "कसे आहात" ऐकू येतं.

"साठ," डेस्मंड म्हणतो.
ठिबक.
"महिनाअखेर आहे म्हणून, पंचावन्न."
आयरी पेन्सिलीनं शिवणीवरून रेघ ओढते.
"आयरी? आहेस ना?"
"आहे."
तो खोकतो. "हे बघ, माझ्यापण आईचं..."
आणि थांबतो. कॉल रेकॉर्ड होतोय.
"चाळीस."

आयुष्यात पहिल्यांदा
तिच्या अबोल्याला कुणी भाव दिलाय,
मिनिटाला सातशे डॉलर.
तिला हसू येतं, आणि हसू येतंय याची लाज.

"चार हजार तीनशे. आज."
साहेबाला विचारायला तो जातो.
पियानोच्या त्याच चार सुरांची गिरकी, अकरा वेळा.
"चार हजार चारशे. शेवटचं."
"आधी कागद. मग पैसे."

कागद संध्याकाळी येतो, तिच्या नावाचं स्पेलिंग चुकवून.
ती फोन करून दुरुस्त करून घेते; दुसरा येतो.
खातं तडजोडीनं मिटलं.
ही नोंद सात वर्षं पुसणार नाही.
सोडून दिलेले सात हजार दोनशे चाळीस
सरकार पुढच्या वर्षी तिचं उत्पन्न धरेल,
कधी हातात न पडलेली कमाई.
उरलेले शंभर ती पाकिटात घालते,
पाकिटावर लिहिते: त्याचा कर.
पुरणार नाहीत. माहीत आहे.

मागच्या अंगणात बर्फ वितळून
बोटीच्या आकाराचं पिवळं गवत उघडं पडलंय.
ती बराच वेळ तिथं उभी राहते,
मग आत येऊन सेन्याचा नंबर लावते.

"हॅलो?"
आणि मग दोघींमध्ये ते,
घरातलं, वडिलोपार्जित.
सेन्याही कांगासच; तीही थांबू शकते.

ठिबक.
ठिबक.

"बोट विकली," आयरी म्हणते.
आधी.