मूठ

तौफीकची गाडी पुण्याहून आली.
अकराशे सीसी, दोन चाकं आणि एवढं डोकं
की किल्लीसुद्धा खिशातच ठेवायची.
पडद्यावर चार शब्द: पाऊस, रस्ता, खेळ, शर्यत.
"मामू, तू चुकलास तरी ही सांभाळून घेते."
म्हटलं, तसं सांभाळून घेणारं एकच माणूस मी बघितलंय,
तुझी मामी,
आणि ती नंतर वर्षभर ऐकवते.

मी शिकलो शिवलकर मेस्त्रींच्या हाताखाली,
पावसच्या नाक्यावर,
दोन सायलेन्सरवाल्या जुन्या धुडावर.
मेस्त्री म्हणायचे, पिळतात तो लिंबू.
मूठ पिळायची नाय, उघडायची.
मागचं चाक काय सांगतं ते ढुंगणानं ऐकायचं,
कान आहेत ते गिऱ्हाइकासाठी.

पूर्णगडच्या उतारावर, पुलाच्या अलीकडे
एक डावं वळण आहे.
नाट्याचे टेम्पो तिथे मासळीचं पाणी सांडतात,
वितळलेला बर्फ, मीठ, बांगड्याचं तेल.
दिसत नाही. नुसता वास.
एक्क्याण्णव साली मी तिथे चोंदलेलं नाक घेऊन गेलो होतो.
गुडघ्यात अजून जांभ्याचा खडा आहे,
अमावास्येला बोलतो.

काल तेच वळण. वास आला, पण उशिरा.
मागचं चाक सुटलं, म्हणजे सुटणार होतं;
पिवळा दिवा दोनदा मिचकला,
इंजिनानं श्वास गिळला
आणि गाडी सरळ, जसं मी काही केलंच नव्हतं.
केलंच नव्हतं.
माझी चूक माझ्याआधी कुणीतरी वाचली
आणि शाईचा डागही न ठेवता खोडली.
वाचल्याचा आनंद पुलाच्या मध्यापर्यंत पुरला.
पलीकडे पोचेस्तोवर मी चिडलो होतो,
भर पंगतीत कुणी भात कालवून दिल्यासारखा.

गावखडीला सुरूच्या बनातून वाट वाळूत उतरते.
तिथे ते शहाणं डोकं अडलं.
चाक जरा घसरलं की ते दम तोडी,
दम तुटला की चाक रुते,
पुन्हा घसरे, पुन्हा तोडी.
वाळूत घसरणं म्हणजेच चालणं,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तौफीक फोनवर पुस्तिका शोधत होता, रेंज नव्हती.
मी ते बटण तीन सेकंद दाबून धरलं.
मग मूठ उघडली, लिंबासारखी नाही.
गाडीचं बूड होडीसारखं हेलकावलं,
मूठभर वाळू तौफीकच्या तोंडावर,
आणि मी बाहेर.

परतताना मुद्दाम मीच चालवली.
वळणाआधी वास घेतला, वेग उतरवला,
मूठ मुंगीएवढी बंद, मुंगीएवढी उघडी,
जुनं देणं फेडावं तसं वळण काढलं.
वर टपरीवर छाती काढून म्हटलं,
बघितलंस? डोकं बंद. नुसता हात.

तौफीक बशीत चहा ओतत होता.
"मामू, वाळूतून निघाल्यावर तू गाडी बंद केली होतीस.
पुन्हा चालू केली की ते आपोआप जागं होतं."

"दिवा मिचकला का?"
"पुढे तू होतास."
मी रस्ता बघत होतो.

टपरीवाल्यानं पैसे मागितले.
उजव्या हाताची मूठ मी खिशात घातली होती.
सव्वा लाखाची की रिकामी,
उघडून बघितली नाही.
डाव्या हातानं पैसे दिले.