हातचा

सॅगिनॉमधली फाउंड्री बंद पडली
तेव्हा गावात नदी उरली, शाळा उरली,
आणि शाळेच्या दारातला फलक,
ज्यावरचे आकडे दर जूनमध्ये बदलतात.
यंदा उत्तीर्ण एक्याण्णव टक्के.
खोक्यात नऊ सापडेना,
म्हणून शिपाई ओडेलनं सहा उलटा करून लावला.
खाली उभी राहून मीच शिडी धरली होती.

एकोणीस वर्षं गणित शिकवतेय.
खरं सांगायचं तर
चार गोलांतला एक काळा करायला शिकवतेय.
गोलाबाहेर शिसं जाऊ द्यायचं नाही.
येत नसेल तर 'क'.
जुन्या सगळ्या उत्तरपत्रिका मांडून मोजलं होतं मी,
'क' जरा जास्तच वेळा येतो.
जानेवारीत पुस्तक मिटायचं,
ते मेअखेरीस उघडायचं, परत जमा करण्यापुरतं.

मुख्याध्यापक भिंतीवर रंग दाखवायचे.
हिरवी मुलं पास होणारच, त्यांना सोडा.
लाल मुलं होणारच नाहीत, त्यांनाही सोडा.
पिवळ्यांवर मेहनत घ्या.
कुणीही विचारलं नाही,
लाल पोरं दिवसभर वर्गात बसून काय करतात.
मीही विचारलं नाही.
माझ्या चहात तेव्हा साखर कमी होती, एवढं आठवतं.

कोरिसा प्रुइट पिवळी होती.
दोन गुणांनी पिवळी.
अकरा शनिवार बसवलं मी तिला,
आणि हिरवी केली.
तिचा फोटो अजून जिन्याजवळ आहे,
हातात प्रमाणपत्र, वर भोंगळ फुगे.

परवा स्वयंपाकघराची काच फुटली.
दुकानातून माप घ्यायला कोरिसा आली.
मला मिठीच मारली तिनं.
टेप ताणून वाकली, बराच वेळ वाकून राहिली,
कागदावर लिहिलं: साडेचौदा.
दुपारी काच बसवली, तर बाजूला फट.

काच घेऊन दुकानात गेले.
तिथं म्हातारा व्हर्जिल, आठवीतून शाळा सोडलेला,
त्यानं माझ्या कागदावरचं माप न बघताच विचारलं,
"अर्ध्याच्या पुढे किती रेघा होत्या गं?"
"अजून दोन होत्या. बारीक. मला वाटलं, चालतंय."
"चौदा आणि पाच अष्टमांश," तो म्हणाला,
जसं कुणी आपल्या पोराचं नाव सांगतं.
"पाच कसे? रेघा तर दहा मोजल्या मी."

दहा षोडशांश बरोबर किती.
प्रश्न सतरावा.
मला पानसुद्धा आठवलं, उजवीकडचं, खालचं.
तिनं 'क' काळा केला होता.
बरोबर होतं.

कोरिसा हसली, कानापर्यंत लाल होऊन.
"मिसेस वोझ्निक, चार पर्याय असते ना,
तर सांगितलं असतं मी."

मापात पाप, म्हणतात.
पण मी कधी तराजू हलवला नव्हता,
वजनंसुद्धा सरकारी होती.
मी फक्त बेरीज मांडली,
नीटस, आकड्याखाली आकडा,
आणि हातचा धरलाच नाही.
खालचं उत्तर अगदी उत्तरासारखं दिसत होतं.
त्याला एक्याण्णव म्हणायला काही हरकत नव्हती.

व्हर्जिल म्हणाला, नवी कापून देतो,
पैसे हिच्या पगारातून.
मी म्हटलं, नको, बसतेय ती.
कोरिसानं टेप खिशात घातला,
मग पुन्हा काढला,
आणि व्हर्जिलकडे सरकवून हळूच विचारलं,
"ही सगळ्यात छोटी रेघ, हिला काय म्हणतात?"
मी दारात थांबले होते.
उत्तर मला येत होतं.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री दिवा न लावता
त्या फटीवर बोट ठेवून उभी राहिले.
नदीकडून वारा येत होता.
पट्टी लावून बघितली:
इंचाचा एक अष्टमांश.
थंडीला तेवढा पुरतो.