सहावा सीझन, दृश्य पहिलं

पाचव्याच्या शेवटी कप्तानबाईने उजवा पाय उचलला होता.
दार सरकत होतं, पलीकडे निळसर काहीतरी,
आणि पडदा काळा.
मग चॅनेलने हात वर केले.
ते पाऊल चार वर्षं हवेतच राहिलं.

आता पैसे आलेत. कुठून ते विचारू नका,
निर्मात्यालाही नीटसं ठाऊक नाही.
हॅमिल्टनच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात
यान पुन्हा उभं राहतंय.
गॉर्ड माकेला भिंती ठोकतो: प्लायवूड, वर चंदेरी रंग.
याच शेडमध्ये एकोणीस वर्षं
त्याने खरं पोलाद ओतलं.
"तेव्हा छप्पर गळायचं नाही," म्हणतो,
दातांत खिळे धरून. एवढंच.

माझं काम आठवणं.
पगारच त्याचा मिळतो मला:
कप कुठल्या हातात, वरचं बटण लागलेलं की उघडं,
कपाळावरच्या जखमेला टाके किती.
जुन्या वह्या घेऊन आलेय, एकेचाळीस.
एकीवर कॉफीचा डाग आहे,
तोही चौथ्या सीझनचा, भाग सात.

कथेत मधे एक सेकंदही गेलेला नाही.
पानावर ठळक लिहिलंय: लगेच पुढे.
या 'लगेच'च्या पोटात
इनेसचा गुडघा बदलून झाला.
(टायटॅनियमचा. सगळ्या सेटवर
अंतराळात टिकेल अशी तेवढीच वस्तू.)
यानावर जन्मलेलं पोर, कॅलम,
आता दारातून वाकून आत येतो, आवाज घोगरा.
आणि लोर्न पेट्रिशिन, यानाचा डॉक्टर,
फेब्रुवारीत गेला, बंदराच्या पाण्यावर बर्फ धरला होता तेव्हा.
माझंही काही काही झालं.
ते वहीत नाही.

लोर्नचं काय करायचं, यावर लेखकांच्या खोलीत
तीन दिवस खल.
एक म्हणाला, स्फोट.
एक म्हणाली, कुठल्याशा ग्रहावर राहिला म्हणू.
तिसऱ्याने संगणकावर त्याचा चेहरा करून आणला,
तो हसला, आणि खोलीत कुणीच हसलं नाही.
नादेझ उठली, सेटवर गेली,
औषधांच्या फळीवर त्याचा मग ठेवला.
"कान कुणीकडे?"
"डावीकडे," मी म्हटलं. "लिहायचा उजव्याने,
पण कॉफी डाव्याने."
त्या रात्री ठरलं: डॉक्टर पुढच्या खोलीत आहेत.
बस्स. सगळे दाराशी थांबून त्यांच्याशी बोलतील,
उत्तर ऐकल्यासारखं मान हलवतील,
आणि कामाला लागतील.

मंगळवार. दृश्य पहिलं.
वहीत आकडा आहे: तळवा जमिनीपासून नऊ इंच.
इनेस पाय उचलते. पाच. पुन्हा उचलते. पाच.
अकराव्या टेकला ओठ पांढरे,
आणि तरी पाच.
सगळे माझ्याकडे बघतात.
मी वहीकडे.

गॉर्ड काही न बोलता आला,
करवत घेऊन गुडघ्यांवर बसला
आणि दाराचा उंबरठा चार इंच कापून काढला.
भुसा फुंकला. "आता बघा," म्हणाला.

कॅमेऱ्यातून बघितलं.
उंबरठ्याच्या वर पाय तेवढाच,
चार वर्षांपूर्वी होता तेवढाच वर.

मग तिने तो खाली टेकवला.

पोकळ लाकडाचा आवाज आला, खोक्यावर थाप मारावी तसा.
साउंडवाल्याने नाक मुरडलं.
गॉर्ड मागच्या भंगारातून
कारखान्याच्या जुन्या रुळाचा तुकडा घेऊन आला,
जमिनीवर आपटला, एकदाच.
शेडभर घुमलं ते. बराच वेळ.
कबुतरं उठली, टेक वाया गेला,
आवाज मात्र तोच ठेवलाय.

बेचाळिसावी वही, पान पहिलं:
उजवा पाय. उंबरठा चार इंच कमी.
मगाचा कान डावीकडे.
पुढच्या खोलीत दिवा चालू.