कुडा

पांढऱ्यांचा एक घोडा हरवला,
बहुतेक घराचं रंगकाम चाललं होतं तेव्हा, रद्दीबरोबर.
दुसरा भाऊंनी रुमालात बांधून दिला :
अस्सल चंदन आहे, कुणाही सुताराच्या हातात देऊ नकोस.

वडाळा नाक्याच्या पुढे, दोन सॉ मिलच्या मधल्या बोळात
यासीन खरादी. लेथ बंद, चहा उतू गेलेला,
भुवयांवर भुसा.
घोडा त्यांनी पाहिला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसरा त्याच्या वाटेवर.
गालाला लावला. बुडाची बनात सोलून
नखाने एक ओरखडा. मग नाकाशी.

कुणी सांगितलं चंदन?
वडिलांनी.
आणि त्यांना?
ऐंशीच्या सिंहस्थात, गंगेवर, चादर पसरून बसलेल्या एका माणसाने.

हसले नाहीत. काळा वजीर मागितला,
तळहातावर तोलला. हा शिसव, म्हणाले,
काळ्यांनी फसवलेलं नाही.
पांढरे सगळे कुडा. काळा कुडा.
नाव काळं, अंग दुधाचं.

मी म्हटलं, मग सागाचा करा, रंग देऊन.
त्यांनी असं पाहिलं, जणू मी खिरीत मीठ मागितलं.

फळीवर तुकडे होते, जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेले.
हेद, पिवळा, हळदीच्या दिवशीच्या कोपरासारखा.
खैर, ज्याने त्यांची दोन पाती खाल्ली होती.
अंजन मी उचलायला गेले आणि मनगट खाली गेलं.
शिवण : हिला कसंही कोरा, रडत नाही.
बिबळ्याचा पेला एका साखरवाल्या गिऱ्हाइकाने सांगितलेला,
नेलाच नाही, त्यात आता पेन्सिली.
कुडा नव्हता.
कुडा वखारीत मिळत नाही, मॅडम.
तो कुंपणाचा. शेळ्यांचा. चुलीचा.

सोमवारी या.

सोमवारी मी गेले तर ते पेठ नाक्यावर होते,
हरसूलकडून आलेल्या मोळ्यांपाशी उकिडवे.
एकेक काठी ओढायची, टोक चाटायचं, परत खुपसायची.
मोळीवाली, मथी गावित, बराच वेळ बघत राहिली.
बाबा, भाकरी भाजायची का खायची लाकडं?
तेवढ्यात मनगटाएवढी एक सापडली.
तिने पूर्ण मोळीचे पैसे घेतले. बरोबरच होतं.

घोडा खरादावर होत नाही, मान हातानेच काढावी लागते.
नऊ दिवस लागले. आयाळीला सात रेघा, जुन्यासारख्याच,
फक्त सातवी जरा घसरली.
तिथे दिसलं नाही मला, ते म्हणाले, पैसे कमी द्या.

भाऊंनी पट मांडला.
नवा घोडा उचलला, जुन्याशी लावून धरला,
(जुने पंचेचाळीस वर्षं हाताळून तुपाच्या रंगाचे,
हा सोललेल्या लसणीसारखा)
आणि दर खेळीआधी करतात तसं
हुंगला.

हा चंदन नाही, म्हणाले.

माझ्या जिभेवर सगळं होतं :
सिंहस्थ, चादर, चूल, शेळ्या.
समोर चौदा पांढरे मोहरे आणि एक घोडा,
एका मोळीतले सख्खे,
आणि भाऊंचा चेहरा, फसवलं गेल्याचा नव्हे,
ओळखू आल्याचा.
नाही, मी म्हटलं. चंदन आता मिळत नाही.

खिडकीतलं ऊन आपलं काम करील,
वीस-तीस वर्षं लागतील त्याला.

तोवर रोज संध्याकाळी
ते पहिल्या दहा खेळींत तोच घोडा देऊन टाकतात,
एका प्याद्यावारी.
मी तो पटाबाहेर ठेवत नाही, मुठीत धरते.
घाम लागला की वास येतो त्याला,
ओला, किंचित कडू, फांदी मोडल्यावर
चीक येतो तसा.
मग माझी खेळी चुकते.
भाऊ म्हणतात, लक्ष कुठाय?